मेल सर्व्हर आणि न जुळणारी नावं

आउटलुकची ती खिडकी ऑफिसात काम करणाऱ्या बहुतेकांच्या ओळखीची आहे. वर 'सिक्युरिटी अलर्ट' असं लिहिलेलं आणि खाली तीन ओळी: सर्टिफिकेट देणारी संस्था विश्वासाची आहे की नाही, तारीख चालू आहे की नाही, आणि सर्टिफिकेटवरचं नाव सर्व्हरच्या नावाशी जुळतं की नाही. ठीक असेल तिथे हिरवी खूण, गडबड असेल तिथे लाल फुली. शेवटी पुढे जायचं का, असा प्रश्न आणि तीन बटणं. माणूस 'येस' दाबतो, मेल येतात, काम सुरू होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी पुन्हा हजर. मग आयटीवाल्याला बोलावणं जातं आणि तोही बहुधा याच समजुतीने येतो की सर्टिफिकेट बिघडलं आहे, नवं टाकलं की मिटेल. नवं टाकूनही फुली तशीच राहते, तेव्हा खरी डोकेदुखी सुरू होते. या तीन ओळींमागे जवळपास पन्नास वर्षांचा इतिहास आहे. तो तपासला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. तक्रार फारच क्वचित एन्क्रिप्शनची असते. ते तर फुली असतानाही व्यवस्थित चालू असतं. तक्रार असते नावाची. ई-मेलच्या रचनेत सर्व्हरला एकच एक नाव कधी नव्हतं आणि सर्टिफिकेटची सगळी इमारत एका ठरलेल्या नावावर उभी आहे. या दोघांची गाठ उशिरा आणि घाईत बांधली गेली. ऑफिसात दिसणारी फुली हा त्या गाठीचा परिणाम आहे. ती अ‍ॅडमिनच्या आळसाचा पुरावा असतेच असं नाही.

आधी मेलकडे पाहू. मेलची देवाणघेवाण आजही ज्या नियमांवर चालते, तो एसएमटीपी प्रोटोकॉल ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहून काढला. अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संशोधन संस्थेत ते काम करत होते. तेव्हाचं नेटवर्क विद्यापीठं, प्रयोगशाळा आणि संरक्षण खात्याशी संबंधित संस्था यांच्यापुरतं होतं. सगळे एकमेकांना ओळखून. म्हणून एसएमटीपीत एक सर्व्हर दुसऱ्याला 'हेलो' म्हणून आपलं नाव सांगतो आणि दुसरा ते मान्य करतो. पुरावा मागायची सोयच नव्हती, गरजही नव्हती. जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी त्यात एक फार उपयोगी भर घातली, ती म्हणजे इंटरनेटवरची नावं आणि यंत्रं जोडणाऱ्या डीएनएसमधली एमएक्स नोंद. पत्त्यात '@' नंतर येणारं नाव एक आणि मेल प्रत्यक्ष घेणारं यंत्र दुसरं, अशी फारकत तिने अधिकृत केली. लहान संस्थेला स्वतःचं यंत्र रात्रंदिवस चालू ठेवायची गरज उरली नाही. मोठ्या शेजाऱ्याच्या यंत्राकडे बोट दाखवलं की झालं. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह चार महानगरांत इंटरनेट सर्वांना खुलं केलं, त्यानंतर आपल्याकडच्या कंपन्या मेलवर आल्या त्या याच तयार व्यवस्थेत. एमएक्सची सोय नसती तर ई-मेल इतकी पसरली नसती, हे मान्यच करावं लागेल. पण त्या सोयीबरोबर एक प्रश्न कायमचा चिकटला: मी ज्याच्याशी बोलतोय त्याचं नाव नेमकं कोणतं मानायचं, पत्त्यातलं की एमएक्सने दाखवलेलं?

सर्टिफिकेटचा जन्म या सगळ्यापासून लांब झाला. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीची कल्पना मांडली. कुणाची किल्ली कोणती, हे सांगणारी एक सार्वजनिक नोंदवही असावी, असं त्यांनी सुचवलं होतं. दोन वर्षांनी एमआयटीतला लोरेन कोनफेल्डर हा पदवीचा विद्यार्थी त्या नोंदवहीच्या मागे लागला. प्रत्येक वेळी प्रत्येकाने तिच्याकडेच धाव घेतली तर तिथे गर्दी होणार, आणि ती बंद पडली तर सगळंच बंद. त्याने तोडगा काढला तो असा की नोंदवहीतली एकेक ओळ वेगळी काढून तिच्यावर सही करून द्यावी. मग ती ओळ ज्याची तो बरोबर घेऊन हिंडेल. १९७८ च्या त्याच्या बी.एस. प्रबंधातली ही सही केलेली ओळ म्हणजे आजचं सर्टिफिकेट. थोडक्यात, सर्टिफिकेट म्हणजे नाव, किल्ली आणि त्या दोघांची जोडी खरी असल्याची तिसऱ्याची सही. १९८८ मध्ये एक्स.५०९ या मानकाने त्याला साचा दिला, पण तो साचा एका वेगळ्याच स्वप्नासाठी होता. साऱ्या जगाची एक डिरेक्टरी होणार, तिच्यात देश, संस्था, विभाग आणि सर्वांत खाली माणसाचं 'कॉमन नेम' असणार, अशी ती योजना. ती जागतिक डिरेक्टरी कधी उभी राहिली नाही. तिच्यासाठी केलेला नमुना तेवढा शिल्लक राहिला. नेटस्केप या ब्राउझर कंपनीने १९९५ मध्ये वेबवरचं बोलणं एन्क्रिप्ट करणारं एसएसएल बाजारात आणलं, त्याच वर्षी व्हेरिसाइन ही सर्टिफिकेट विकणारी कंपनी सुरू झाली, आणि माणसाच्या नावाच्या त्या रकान्यात वेबसाइटचं नाव भरायची पद्धत पडली. रकाना एकच, म्हणून नाव एकच. अनेक नावं लिहायची सोय मानकाच्या तिसऱ्या आवृत्तीत आली होती आणि २००० साली वेबच्या नियमांनी तीच वापरा असंही सांगितलं. तरी जुनी सवय सुटेना. क्रोमने कॉमन नेमकडे पाहणं पूर्ण बंद केलं ते २०१७ मध्ये, आणि तोवर चाललेली कित्येक घरगुती सर्टिफिकेटं एका अपडेटसरशी बाद झाली.

या दोन परंपरांची भेट १९९७ ते १९९९ या काळात झाली आणि ती बिनसली. आधी मेलसाठी ४६५ हा स्वतंत्र पोर्ट नोंदवला गेला. तिथे पहिल्या क्षणापासून सगळं एन्क्रिप्ट होणार होतं. लवकरच तो बेत रद्द झाला. जानेवारी १९९९ मध्ये पॉल हॉफमन यांनी लिहिलेली स्टार्टटीएलएसची पद्धत मानक म्हणून पुढे आली. तिच्यात संभाषण साध्या भाषेत सुरू होतं, समोरचा सर्व्हर आपल्याला काय काय जमतं याची यादी देतो, आणि त्या यादीत 'स्टार्टटीएलएस' ही ओळ असेल तरच पुढचं बोलणं एन्क्रिप्ट होतं. त्या मानकातला एक नियम मला या सगळ्या इतिहासाचा गाभा वाटतो: इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या असलेल्या मेल सर्व्हरने मेल स्वीकारण्यासाठी एन्क्रिप्शनची अट घालू नये. समोरच्याचं सर्टिफिकेट मानायचं की नाही, हेही ज्याचं त्याने ठरवायचं होतं. आणि ठरवायचं तरी कशाच्या आधारावर? एमएक्सने दाखवलेलं नाव तपासावं तर ती नोंदच कुणी बदललेली असू शकते. पत्त्यातलं नाव तपासावं तर ते सर्टिफिकेट शेजाऱ्याच्या यंत्रावर नसतंच. तेव्हा सर्व्हर लिहिणाऱ्यांनी व्यवहार्य मार्ग धरला: सर्टिफिकेट कसंही असो, एन्क्रिप्शन होतंय ना, मग जाऊ दे. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या लॉगमध्ये आजही 'अनट्रस्टेड टीएलएस कनेक्शन एस्टॅब्लिश्ड' अशी ओळ पडते आणि त्याच्या पुढच्याच ओळीत मेल बिनतक्रार पोचल्याची नोंद असते. म्हणजे जे सर्टिफिकेट पाहून आउटलुक लाल फुली दाखवतं, तेच सर्टिफिकेट दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर डोळेझाक करून स्वीकारतो. एकाच यंत्राला दोन न्याय.

यावर कुणी म्हणेल की ही डोळेझाक शहाणपणाचीच होती. आक्षेपात तथ्य आहे. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने उघड केलेल्या कागदपत्रांमुळे सरकारी पाळतीचं प्रमाण जगाला कळलं. जून २०१४ मध्ये गूगलने सांगितलं की जीमेल आणि इतर मेलसेवा यांच्यात जाणाऱ्या-येणाऱ्या मेलपैकी ४० ते ५० टक्के अजून उघड्यावरच आहेत. पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण झपाट्याने घटलं. ते घटू शकलं कारण स्टार्टटीएलएस चालू करायला निर्दोष सर्टिफिकेट लागत नव्हतं. १९९९ मध्येच कडक तपासणी लावली असती तर मेल परत आल्या असत्या, आणि मेल परत आली की अ‍ॅडमिन पहिल्यांदा एन्क्रिप्शनच बंद करतो. एवढं मान्य करूनही किंमत लपत नाही. 'स्टार्टटीएलएस' ही ओळ साध्या भाषेत येते, म्हणून वाटेत बसलेल्या कुणालाही ती खोडता येते. सिस्कोच्या पिक्स फायरवॉलमध्ये मेलची तपासणी करणारी सोय होती. ती अनोळखी आज्ञांवर एक्स अक्षरं ओढायची, आणि सर्व्हरच्या यादीत 'स्टार्टटीएलएस'च्या जागी एक्सची रांग दिसायची. सुरक्षेसाठी बसवलेलं उपकरणच मेल उघडी पाडत होतं आणि कुठेही एरर नव्हती. २०१५ मधल्या एका मोठ्या संशोधनात दिसलं की ट्युनिशियातून जीमेलकडे जाणाऱ्या ९६ टक्के मेलचं एन्क्रिप्शन असंच वाटेत काढून टाकलं जात होतं. त्याच संशोधनात सात लाखांवर मेल सर्व्हर तपासले गेले; त्यांतल्या फक्त ३५ टक्क्यांनी एन्क्रिप्शन नीट बसवलेलं होतं. बाकीच्यांना ते कळायला काही मार्ग नव्हता, कारण कुणी तक्रारच करत नव्हतं.

सर्व्हर-सर्व्हरमध्ये झाकलेला हा नावांचा घोळ कंपनीच्या आत मात्र माणसांच्या डोळ्यांसमोर आला, आणि त्याला तारीखही देता येते. २००६ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज २००७ आणलं. आउटलुक २००७ त्याच्याशी बोलताना सेटिंग, कॅलेंडर, सुट्टीचा निरोप या गोष्टी वेब सेवांकडून घेऊ लागलं, आणि वेब म्हटल्यावर वेबची कडक तपासणी आली. इन्स्टॉल करताना एक्स्चेंज स्वतःच स्वतःला एक सर्टिफिकेट लिहून द्यायचं. त्यावर यंत्राचं आतलं नाव असायचं, आणि त्या काळी ऑफिसचं अंतर्गत डोमेन 'कंपनी डॉट लोकल' असं ठेवायचा रिवाज होता. छोट्या व्यवसायांसाठीची मायक्रोसॉफ्टची स्मॉल बिझनेस सर्व्हर ही आवृत्ती तसं आपणहून सुचवायची. बाहेरून मेल पाहणाऱ्याला 'मेल डॉट कंपनी डॉट कॉम' लागायचं, आतल्याला 'सर्व्हर०१ डॉट कंपनी डॉट लोकल', आणि आउटलुक आपणहून 'ऑटोडिस्कव्हर डॉट कंपनी डॉट कॉम' शोधायचं. एका यंत्राला तीन नावांनी हाका आणि सर्टिफिकेटवर एक. सातबाऱ्यावर एका भावाचं नाव आणि तलाठ्यासमोर तिघे उभे, अशी ही अवस्था. मग अनेक नावांची महाग सर्टिफिकेटं विकली जाऊ लागली आणि त्यांत 'डॉट लोकल'ची नावंही बेधडक घातली गेली. वास्तविक तसं नाव जगात कुणाच्याच मालकीचं नसतं. मग ते तुमचं असल्याची सही कुणी कशी करायची? इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०११ मध्ये दाखवून दिलं की 'मेल', 'लोकलहोस्ट' अशा मोघम नावांनाही नामांकित संस्थांनी हजारो सर्टिफिकेटं दिली होती. अखेर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझरवाले यांच्या मंचाने नियम केला: १ नोव्हेंबर २०१५ नंतर संपणारं सर्टिफिकेट आतल्या नावाला द्यायचं नाही, आणि जी उरतील ती १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत रद्द करायची. त्या दोन वर्षांत असंख्य ऑफिसांतल्या चालत्या मेलवर अचानक फुली आली. अ‍ॅडमिनने काही बिघडवलं नव्हतं. जे नाव त्याला आधी सुचवलं गेलं होतं, तेच आता नामंजूर झालं होतं.

म्हणून या एररचा माग काढताना पहिला प्रश्न सर्टिफिकेटला विचारायचाच नसतो. विचारायचा असतो मागणाऱ्याला: तू कोणत्या नावाने हाक मारलीस? याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण ज्यांनी मेल सर्व्हर केव्हाच भाड्याच्या क्लाउडवर नेला आहे त्यांच्याकडे सापडतं. सेटिंग शोधताना आउटलुक कित्येकदा आधी नुसत्या 'कंपनी डॉट कॉम'कडे जातं. तिथे मेल नसते, कंपनीची वेबसाइट असते, तीही एखाद्या स्वस्त होस्टिंगवर, जिथे शेकडो साइट एका यंत्रावर नांदतात. ते यंत्र होस्टिंगवाल्याच्या नावाचं सर्टिफिकेट पुढे करतं आणि आउटलुक फुली दाखवतं. अ‍ॅडमिन मेल सर्व्हरचं सर्टिफिकेट दहा वेळा बदलेल, पण एरर हलणार नाही, कारण ती मेल सर्व्हरची नाहीच. 'व्ह्यू सर्टिफिकेट' हे तिसरं बटण दाबून त्यावर कुणाचं नाव आहे ते वाचलं असतं तर मिनिटात उलगडा झाला असता. त्या खिडकीतलं सगळ्यांत उपयोगी बटण तेच, आणि सगळ्यांत कमी दाबलं जाणारंही तेच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नावाचं जाऊ द्या, रोजच्या कामात निम्म्या तक्रारी तारीख संपल्याच्या असतात, आणि तो तर सरळ निष्काळजीपणा आहे, असं अनुभवी लोक म्हणतात. पण तारीख आली कुठून, हेही पाहावं लागेल. किल्लीला मुदत लागत नाही. मुदत लागते ती नावाला, कारण आज माझं असलेलं डोमेन उद्या दुसऱ्याचं होऊ शकतं आणि आजची किल्ली उद्या चोरीला जाऊ शकते. अशा वेळी सर्टिफिकेट रद्द करण्याची सोय मूळ रचनेत आहे, रद्द केलेल्यांच्या याद्याही निघतात, पण त्या वेळेवर कुणी वाचत नाही. सर्टिफिकेट रद्द झालं आहे का, ही ऑनलाइन विचारपूस क्रोमने २०१२ मध्येच सोडून देण्याचं ठरवलं. सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने २०२५ मध्ये आपल्या बाजूने तशी उत्तरं देणारी सेवाच बंद केली. रद्द करणं जमत नाही म्हणून आयुष्यच कमी करायचं, हा या धंद्याने काढलेला पर्याय. मुदत २०१२ मध्ये ६० महिन्यांवर आली, २०१५ मध्ये ३९ महिन्यांवर, २०१८ मध्ये ८२५ दिवसांवर आणि २०२० मध्ये ३९८ दिवसांवर. शिवाय संपणारी तारीख दर वेळी तुमच्या सर्टिफिकेटची नसते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्टच्या सह्यांच्या साखळीतलं एक जुनं मूळ सर्टिफिकेट संपलं, आणि ज्यांचं स्वतःचं सर्टिफिकेट ठणठणीत होतं त्यांच्याही मेल जुन्या यंत्रांवर अडल्या. मुदत सही करणाऱ्याची संपली होती. अर्ध्या साखळीचा घोटाळाही याच जातीचा: मधल्या संस्थेचं सर्टिफिकेट सर्व्हरवर ठेवायचं राहिलं तर विंडोजवरचा ब्राउझर ते सहसा स्वतः शोधून आणतो, अँड्रॉइड फोनवरचं मेल अ‍ॅप बहुधा आणत नाही. साहेबांच्या फोनवर एरर आणि अ‍ॅडमिनच्या पीसीवर सगळं सुरळीत. या भांडणात दोघेही खरं बोलत असतात. आळस असतोच, तो नाकारत नाही. पण या तारखा आळशी माणसाला शिक्षा म्हणून घातलेल्या नाहीत, त्या नाव रद्द करता न येण्याची भरपाई आहेत.

आणि एवढं करूनही फुली राखण करते का? मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या कॉर्मॅक हर्ली यांनी २००९ मध्येच लिहून ठेवलं की वापरणाऱ्याला दिसणाऱ्या सर्टिफिकेट-एरर जवळजवळ सगळ्याच खोट्या धोक्याच्या असतात, तेव्हा त्या डावलणं हा त्याचा मूर्खपणा नाही, हिशेब आहे. २०१३ च्या एका पाहणीत क्रोमवर अशी सूचना पाहिलेल्यांपैकी ७० टक्के पुढे गेलेले आढळले. उलट खरा हल्ला झाला तेव्हा बहुतेकांना फुली दिसलीच नाही. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डिजीनोटार या संस्थेत शिरून हल्लेखोरांनी पाचशेहून अधिक खोटी सर्टिफिकेटं काढली. त्यातलं गूगलच्या नावाचं एक सर्टिफिकेट वापरून इराणमधल्या सुमारे तीन लाख लोकांच्या जीमेलवर नजर ठेवली गेली. नाव बरोबर, तारीख चालू, सही मान्य: तिन्ही हिरव्या खुणा. ते उघडकीस आलं कारण क्रोममध्ये गूगलच्या साइटसाठी जास्तीची तपासणी होती आणि इराणमधल्या एका वापरकर्त्याने दिसलेली सूचना न डावलता जाहीरपणे विचारलं. डिजीनोटारचं दिवाळं त्याच वर्षी सप्टेंबरात निघालं. हा दाखला आपल्यालाही लागू आहे. जुलै २०१४ मध्ये गूगलला आपल्या डोमेनांची अनधिकृत सर्टिफिकेटं सापडली आणि त्यांच्यावर सही होती भारत सरकारच्या नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरची. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या नियंत्रकाचं मूळ सर्टिफिकेट विंडोजला मान्य होतं, म्हणून विंडोजवर ती खरी ठरत होती. फायरफॉक्स स्वतःची यादी वापरतो आणि तीत ते नव्हतं, म्हणून तिथे ठरत नव्हती. नियंत्रकांनी एनआयसीची सर्टिफिकेटं रद्द केली आणि गूगलने भारतीय मूळ सर्टिफिकेटला gov.in, nic.in अशा मोजक्या डोमेनांपुरतं बांधून टाकलं. 'हे नाव याचंच' म्हणून सही करणाराच चुकला, तर खालची सगळी तपासणी कागदावरची राहते.

ही गाठ सोडवायचे प्रयत्न झाले, उशिरा का होईना. मेलसाठी २०१५ मध्ये आलेलं डेन आणि २०१८ मधलं एमटीए-एसटीएस ही दोन मानकं पाठवणाऱ्या सर्व्हरला आधीच सांगतात की या डोमेनची मेल कोणत्या नावाच्या यंत्राकडे द्यायची आणि तिथे कडक तपासणी करायची. १९८६ मध्ये निघालेल्या प्रश्नाला मिळालेलं हे पहिलं सरळ उत्तर. त्याच २०१८ मध्ये, रद्द झालेला ४६५ पोर्ट मेल पाठवणाऱ्या ग्राहकांसाठी पुन्हा अधिकृत झाला. मधल्या वीस वर्षांत तो दुसऱ्याच एका सेवेच्या नावे नोंदला गेला होता. मुदतीचा प्रश्नही सर्टिफिकेट आपोआप बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने बराच सोपा केला आहे. ते सॉफ्टवेअर तारीख सांभाळतं. कोणती नावं मागायची हे मात्र त्याला कुणीतरी सांगावंच लागतं, आणि स्कॅन करून मेल करणारा जुना प्रिंटर किंवा मेल गाळणारी पेटी अशा यंत्रांवर तर ते चालतही नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझरवाले यांच्या त्याच मंचाने मंजूर केलेल्या वेळापत्रकानुसार १५ मार्च २०२९ पासून सर्टिफिकेटची कमाल मुदत ४७ दिवसांची असेल. बाजारातलं सर्टिफिकेट अशा यंत्रात हाताने टाकणाऱ्याला ते काम तेव्हापासून वर्षातून आठ वेळा करावं लागेल.